डेडस्टॉकमधल्या सीडी आणि विंडोज ११

जुन्या शैक्षणिक सीडीच्या खोक्यामागे एक छोटी चौकट छापलेली असते. ४८६ प्रोसेसर, ८ एमबी रॅम, २५६ रंग दाखवणारा मॉनिटर, विंडोज ३.१ किंवा त्यापुढचं. आपला संगणक त्याच्या कितीतरी पटींनी ताकदवान आहे हे बघून माणूस निर्धास्त होतो आणि सीडी आत सरकवतो. पण त्या चौकटीत फक्त कमीत कमी काय हवं तेवढंच सांगितलेलं असतं. हा प्रोग्रॅम कुठल्या विंडोजपर्यंत चालेल, हे १९९५ मध्ये कुणाला लिहिता येणंच शक्य नव्हतं. त्यामुळे आज तपासायला बसलं की खोक्यावरच्या मजकुराचा फारसा उपयोग होत नाही; फाईलच उघडून बघावी लागते.

मी एका ग्रामीण माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. आमच्या संगणक कक्षात नवे संगणक आले, सगळे विंडोज ११ चे. त्यांच्यासाठी जागा करताना जुनं लोखंडी कपाट रिकामं करायची वेळ आली आणि त्यातून सीडींचा मोठा गठ्ठा आणि फ्लॉपींचे दोन डबे निघाले. काही शाळेने विकत घेतलेल्या, काही माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेल्या, काही शिक्षकांनी स्वतः केलेल्या. सगळ्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत होती. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, यांचं निर्लेखन करून, निकामी म्हणून नोंदीतून काढून टाकू या का? एवीतेवी आता कोण वापरणार?”

मी म्हटलं, “सर, आधी कोणती चालते आणि कोणती नाही ते बघू द्या. चालणारी वस्तू निकामी म्हणून कशी लिहायची?”

माझा आग्रह केवळ रजिस्टरपुरता नव्हता. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी संगणक नाही आणि पावसाळ्यात शाळेचं नेट भरवशाचं नसतं. ह्या सीडी नेटशिवाय चालतात, मध्ये जाहिरात येत नाही, मुलाचं खातं उघडावं लागत नाही. शिवाय त्यातल्या काहींमध्ये मराठीत, आपल्या मुलांना कळेल अशा शब्दांत केलेलं काम आहे, जे मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. एखादा प्रोग्रॅम चालत नाही एवढ्यावरून त्याच्या आतली मेहनत वाया गेली असं मी धरायला तयार नव्हते.

पहिली अडचण अगदी साधी होती. नव्या संगणकांना सीडी ड्राइव्हच नाही. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि तसाच एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. हा फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉपींना त्याचा उपयोग नाही, त्यामुळे तो डबा बाजूला राहिला. सीडी घातल्या घातल्या सेटअप सुरू करायचा मोह होतो, तो टाळावा. चरे पडलेली, चकाकी गेलेली सीडी आज वाचली म्हणजे उद्याही वाचेल असं नाही. म्हणून आधी तिची पूर्ण इमेज, म्हणजे एका फाईलीतली हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर घ्यायची आणि पुढचं सगळं काम इमेजवर करायचं. अशा नेहमीच्या, आयएसओ प्रकारच्या इमेजवर डबल क्लिक केलं की विंडोज १० आणि ११ ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडतात, वेगळं काही लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. काही बालगीतांच्या सीडींवर पहिला ट्रॅक संगणकाच्या डेटाचा असतो आणि पुढचे ट्रॅक साध्या ऑडिओ सीडीसारखे गाण्यांचे. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, गाणी येत नाहीत. मग प्रोग्रॅम उघडतो, चित्रं हलतात आणि आवाज मात्र येत नाही. अशा सीडीची इमेज बिन आणि क्यू अशा जोडफाईलींत घ्यावी लागते. इमजबर्न हा मोफत प्रोग्रॅम एकाहून जास्त ट्रॅक दिसले की तशीच जोडी करतो.

जुन्या फ्लॉपींत व्हायरस असण्याची शक्यता खरीच असते. नव्वदच्या दशकातल्या लॅबमध्ये एकच फ्लॉपी पन्नास हातांतून जायची. म्हणून तपासणीसाठी एकच संगणक वेगळा ठेवला, त्याचं नेट काढलं आणि कुठलाही सेटअप पहिल्यांदा विंडोज सँडबॉक्समध्ये, म्हणजे मुख्य विंडोजपासून वेगळ्या ठेवलेल्या तात्पुरत्या खिडकीत चालवला. ही सोय विंडोजच्या प्रो आणि एज्युकेशन आवृत्तीत असते, होममध्ये नसते. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे मुलांनाही बिनधास्त बसवता येतं.

आता मुख्य तपासणी. विकत आणलेल्या सीडीच्या मुळाशी बहुधा ऑटोरन नावाची एक छोटी मजकूर-फाईल असते. नोटपॅडमध्ये उघडली की सीडी घातल्यावर कोणता प्रोग्रॅम सुरू होतो ते तिच्यात लिहिलेलं दिसतं. ही सोय विंडोज ९५ पासून आली. त्यामुळे ती फाईल मुळीच नसेल, तर सीडी त्याआधीच्या काळातली असावी असा अंदाज बांधता येतो. पुरावा मात्र म्हणता येत नाही.

पुरावा मिळतो तो ईएक्सई फाईलमध्ये, म्हणजे खुद्द प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये. ती चालवायची नाही, नोटपॅडमध्ये नुसती उघडायची. बहुतेक सगळी न वाचता येणारी अक्षरं दिसतात, पण अगदी पहिली दोन अक्षरं एम आणि झेड असतात. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी ही रचना आखणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की, त्यांच्या नावाची ती आद्याक्षरं. आजच्या विंडोज ११ च्या फाईलींतही ती तशीच आहेत. त्यानंतर थोडं खाली एक वाचता येण्याजोगं इंग्रजी वाक्य शोधायचं. ‘धिस प्रोग्रॅम रिक्वायर्स मायक्रोसॉफ्ट विंडोज’ असं असेल, तर प्रोग्रॅम बहुधा विंडोज ३.१ च्या काळातला, म्हणजे १६ बिट (प्रोग्रॅम एका वेळी केवढे आकडे हाताळतो त्याचं हे माप). ‘धिस प्रोग्रॅम कॅनॉट बी रन इन डॉस मोड’ असं असेल, तर बहुधा ३२ बिट किंवा त्यानंतरचा. खात्री करायला त्या वाक्याच्या पुढे बघायचं. एन आणि ई ही कॅपिटल अक्षरं जोडीने दिसली तर १६ बिट. पी आणि ई दिसली, तर त्यांच्यानंतर दोन रिकाम्या जागा सोडून येणारं अक्षर बघायचं: कॅपिटल एल असेल तर ३२ बिट, स्मॉल डी असेल तर ६४ बिट. आणि एम-झेडनंतर यांपैकी काहीच सापडलं नाही तर तो निव्वळ डॉसचा प्रोग्रॅम. बघून झालं की फाईल सेव्ह न करता बंद करायची.

हे मी नववीच्या मुलांना एकदा करून दाखवलं आणि पुढचा गठ्ठा त्यांनीच तपासला. फळ्यावर तीन रकाने आखले: डॉस, १६, ३२. मुलं एकेक इमेज उघडून ओरडायची, “मॅडम, एनई!” “मॅडम, ह्याच्यात पीई आणि एल!” फाईलच्या आत रचना असते, तिला सुरुवात आणि पत्ता असतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातून मी त्यांच्या गळी इतक्या सहज कधी उतरवू शकले नव्हते.

हे तीन रकाने का महत्त्वाचे, ते सांगते. ६४ बिट विंडोज ३२ बिट प्रोग्रॅम चालवतं. त्यासाठीची व्यवस्था आतच असते. १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम नावाचा भाग मात्र त्यात ठेवलेलाच नाही. प्रोसेसर ६४ बिट पद्धतीत काम करत असताना जुन्या डॉस प्रोग्रॅमना लागणारी व्हर्च्युअल ८०८६ ही सोय प्रोसेसरच बंद ठेवतो, हे त्यामागचं एक मोठं कारण. ३२ बिट विंडोज १० मध्ये हा भाग हवा तर चालू करता येत होता. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे शाळेत जुनं ३२ बिट विंडोज जपून ठेवलं तरी ते नेटला जोडणं धोक्याचं.

आमच्या स्टाफरूममध्ये सल्ला मिळाला की फाईलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीला जा आणि विंडोज ९५ निवडा. तो सल्ला ३२ बिट रकान्यासाठी चांगलाच आहे. तिथे विंडोज त्या प्रोग्रॅमला आपली आवृत्ती जुनी असल्याचं सांगतं आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतं. १६ बिट रकान्यात त्याने काही फरक पडत नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तेवढ्यानेच आमचा अर्धा वेळ वाचला.

सगळ्यात सुखाने चाललं ते लोगो. सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी केलेली ही भाषा. आमच्या कपाटात होतं ते जॉर्ज मिल्स यांचं एमएसडब्ल्यूलोगो, ब्रायन हार्वी यांच्या बर्कलीतल्या लोगोवर बेतलेलं. रकाना ३२. उघडलं, पडद्याच्या मधोमध कासव म्हणून ओळखला जाणारा तो त्रिकोण आला, ‘एफडी १००’ दिल्यावर रेघ उमटली. मदतीचं पान तेवढं उघडेना. त्याचं कारण प्रोग्रॅममध्ये नाही. जुन्या एचएलपी प्रकारच्या मदत-फाईली दाखवणारा विनहेल्प हा भाग विंडोजने व्हिस्टापासून सोबत देणं थांबवलं आणि विंडोज १० साठी तो वेगळाही दिला नाही. शेवटी आम्ही एमएसडब्ल्यूलोगोचा पुढचा अवतार असलेलं मोफत एफएमएसलोगो घेतलं. जुन्या विद्यार्थ्यांनी सेव्ह केलेल्या एलजीओ फाईली साधा मजकूर असल्यामुळे त्यात सरळ उघडल्या. एका मुलीला त्यातली एक फाईल आपल्या काकाची असल्याचं नावावरून कळलं. तिने काकाची रांगोळी पडद्यावर काढली आणि मग त्यातला कोन बदलून स्वतःची काढली.

खरी परीक्षा पाहिली ती एका मराठी सीडीने. प्राथमिकच्या मुलांसाठी मुळाक्षरं, जोडाक्षरं आणि छोट्या गोष्टी. मुख्य प्रोग्रॅम तपासला तर ३२ बिट, आणि सेटअप तपासला तर १६ बिट! विंडोज ९५-९८ च्या काळात हे सर्रास घडायचं. प्रोग्रॅम नव्या पद्धतीने लिहायचे, पण विंडोज ३.१ वाल्यांनाही निदान नीट संदेश दिसावा म्हणून इन्स्टॉल करणारा भाग जुनाच ठेवायचे. अशा काही ठरावीक इन्स्टॉलरना विंडोज ओळखतं आणि त्यांच्या जागी स्वतःकडचा ३२ बिट पर्याय आपोआप वापरतं. इन्स्टॉलशील्ड ५ हा त्यातला एक. आमचा त्या यादीतला नव्हता. विंडोजने सांगितलं की हे ॲप तुमच्या संगणकावर चालणार नाही. इतक्यावर थांबलो असतो तर ती सीडी निर्लेखनात गेली असती.

सेटअप म्हणजे शेवटी करतो काय? फाईली जागेवर नेऊन ठेवतो, फॉन्ट बसवतो, एखादी नोंद लिहितो. ते हाताने करता येतं का बघू या, असं ठरवलं. सीडीवरच्या काही फाईलींच्या नावाचं शेवटचं अक्षर जाऊन तिथे अधोरेघ होती. मायक्रोसॉफ्टची ती जुनी दाबून ठेवण्याची पद्धत. सेव्हन-झिपने त्या उलगडल्या. सगळं सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि मुख्य फाईल चालवली. पहिला संदेश आला, पडदा २५६ रंगांवर ठेवा. आजच्या विंडोजच्या मुख्य सेटिंगमध्ये तसा पर्याय दिसत नाही, पण कम्पॅटिबिलिटीच्या त्याच पानावर रंग कमी करायची चौकट आहे, आणि ६४० बाय ४८० चीही. दोन्हींवर खूण केली. प्रोग्रॅम उघडला. हत्ती आला, त्याने सोंड हलवली, आणि त्याच्या खाली ‘ह’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा.

ज्यांनी त्या काळात मराठीत टंकलेखन केलं आहे त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. युनिकोड विंडोजमध्ये रुळण्याआधी देवनागरीसाठी प्रत्येक कंपनीचा आपला फॉन्ट असायचा आणि त्यात रोमन अक्षरांच्याच जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असायची. विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड सोय विंडोज २००० पासून आली. ही सीडी त्याआधीची. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर हा कचरा. आम्ही सेटअप वगळला होता, म्हणजे फॉन्ट बसवायचं कामही आपोआप वगळलं गेलं होतं. उलगडलेल्या फाईलींत फॉन्टच्या टीटीएफ फाईली शोधल्या, राइट क्लिक करून इन्स्टॉल केल्या, प्रोग्रॅम पुन्हा उघडला. हत्तीखाली ठसठशीत ‘ह’ उभा होता. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला त्या टाळ्या अगदी योग्य वाटल्या.

ह्याच प्रोग्रॅमचे गुण कुठे साठतात हे शोधायला मात्र वेळ लागला. तो ते विंडोजच्या मुख्य फोल्डरमध्ये लिहू पाहतो. आजचं विंडोज साध्या खात्याला तिथे लिहू देत नाही, पण जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला नकारही देत नाही. ती फाईल गुपचूप त्या खात्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. म्हणून एका खात्यात मिळवलेले गुण दुसऱ्या खात्यात दिसत नव्हते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एकच खातं ठेवलं आणि प्रश्न मिटला.

१६ बिट रकान्यातल्या छोट्या प्रोग्रॅमसाठी ओटीव्हीडीएम नावाचा एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनच्या आधाराने तो ६४ बिट विंडोजवर १६ बिट विंडोज प्रोग्रॅम चालवतो. आवर्तसारणीची एक सीडी त्यावर पहिल्या झटक्यात चालली. विज्ञानाच्या सरांना तेवढीच हवी होती. ते घेऊन गेले.

मायक्रोसॉफ्टच्या एन्कार्टा ९५ या सीडीवरच्या ज्ञानकोशासाठी मी वेगळी वाट घेतली. एन्कार्टा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २००९ मध्ये बंद पडला. ही त्यातली विंडोज ३.१ च्या काळातली आवृत्ती. शाळेकडे विंडोज ९८ ची मूळ सीडी, तिचा क्रमांक असलेलं प्रमाणपत्र, दोन्ही शाबूत होतं. संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभा करणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ९८ बसवता येतं, पण त्याच्यासाठी तिथे खास सोयी नाहीत, चित्र आणि आवाज यांची ओढाताण होते. ८६बॉक्स हा प्रोग्रॅम जुन्या संगणकाचे भागच जसेच्या तसे उभे करतो: पेंटियम प्रोसेसर, एस३ चं ग्राफिक कार्ड, साउंड ब्लास्टर १६. मदरबोर्डच्या रॉम फाईलींचा संच वेगळा द्यावा लागतो, विंडोज बसवायला संयम लागतो, पण एकदा बसलं की एन्कार्टाला आपण नव्या संगणकावर आहोत याचा पत्ताही लागत नाही.

एन्कार्टाच्या बाबतीत मात्र प्रोग्रॅम चालला म्हणजे तपासणी संपली असं मी मानलं नाही. १९९५ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, त्याआधीचा हा कोश; त्यामुळे मुंबई बॉम्बे म्हणून शोधावी लागते. प्लूटो नववा ग्रह आहे, कारण २००६ चा निर्णय अजून व्हायचा होता. प्रत्येक शैक्षणिक सीडीची ही दुसरी तपासणी शिक्षकाने करायलाच हवी आणि ती संगणकाच्या तपासणीइतकीच महत्त्वाची आहे. ऐतिहासिक व्यक्तींचे आवाज, वाद्यांचे नमुने, प्राण्यांच्या चित्रफिती हे सगळं आजही तितकंच चांगलं आहे. माइंडमेझ हा किल्ल्यातल्या दालनांत फिरत प्रश्न सोडवायचा खेळ तर मुलं सोडायला तयार नसतात. पण लोकसंख्येचे आकडे, देशांच्या सीमा, ग्रहांची यादी ह्यांसाठी तो वापरायचा नाही, असा कागद मी त्या संगणकाशेजारी चिकटवला आहे. आठवीच्या मुलांना मात्र मी मुद्दाम एक काम देते: ह्या कोशातल्या कोणत्या गोष्टी आता बदलल्या आहेत ते शोधा. पाठ्यपुस्तक आणि भूगोलाचा नकाशासंग्रह घेऊन ती तुलना करत बसतात.

त्यानंतरच्या काळातल्या विज्ञानाच्या सीडींची गोष्ट थोडक्यात सांगते. त्या ब्राउझरमध्ये उघडतात आणि पडदा कोरा राहतो. आत फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन दाखवायची जुनी पद्धत आहे. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरमधूनच मजकूर दाखवणं बंद केलं. पण सीडीवर फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाईली सुट्या दिसत असतील तर रफल हा मोफत प्रोग्रॅम त्यांतल्या बऱ्याचशा उघडतो. आमची परावर्तनाची आणि हृदयाच्या कप्प्यांची दोन्ही ॲनिमेशनं चालली, प्रश्नोत्तरांचं एक पान अडलं. काही सीडींवर फ्लॅश प्लेयर पोटात घेतलेली ईएक्सई असते. ती आजही काही न करता चालते. म्हणून फ्लॅश दिसलं की लगेच सीडी बाद करू नये, आधी ईएक्सई आहे का बघावं.

एका सीडीपुढे मात्र आम्ही हात टेकले. ती चालवायला संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक लागतं. लॉक हरवलेलं, नव्या संगणकांना तो पोर्टही नाही. आतला मजकूर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बंद फाईलींत. तिचं नाव मी निर्लेखनाच्या यादीत लिहिलं, आणि न वाचता आलेल्या सीडींचंही. बाकी सगळ्यांच्या समोर रजिस्टरच्या शेरा रकान्यात काय लागतं ते लिहिलं: ‘३२ बिट, फॉन्ट हाताने’, ‘८६बॉक्स’, ‘रफल’. पुढच्या शिक्षकाला सगळं पहिल्यापासून शोधावं लागू नये म्हणून.

सगळ्यात शेवटी निघाली ती एक निळी फ्लॉपी. तिच्यावर आमच्या निवृत्त गणिताच्या सरांचं अक्षर: ‘प्रश्नमंजूषा, ७ वी’. डॉसचा रकाना. ह्या रकान्याला डॉसबॉक्स हा आजच्या संगणकात जुना डॉसचा संगणक उभा करणारा प्रोग्रॅम उत्तम उपाय आहे, २००२ पासूनचा, मोफत, पेनड्राइव्हवरूनही चालतो. फोल्डर माउंट करायचं, म्हणजे ते डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून दाखवायचं, प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं, झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवे संगणक आले तेव्हा हाच प्रोग्रॅम बंद पडला होता, असं जुन्या शिपाई मामांनाही आठवत होतं. “सर लई नाराज झाले होते तेव्हा,” म्हणाले. डॉसबॉक्समध्ये तो निमूट सुरू झाला. प्रश्न मराठीत, पण रोमन लिपीत लिहिलेले, आणि बरोबर उत्तराला एक छोटी शीळ.

मी सरांना फोन केला. “अगं, तो अजून चालतो?” त्यांना खरंच वाटेना. “रनटाईम एरर २०० यायचा ना गं त्याला!”

सरांनी ज्यात प्रोग्रॅम लिहिला होता त्या टर्बो पास्कल या जुन्या साधनाच्या जगात तो एरर प्रसिद्ध आहे. प्रोग्रॅममध्ये थोडं थांबायची आज्ञा असते. किती थांबायचं हे ठरवायला पास्कलचा सीआरटी हा भाग सुरुवातीलाच संगणकाचा वेग मोजतो: घड्याळाच्या ५५ मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात रिकामा फेरा किती वेळा फिरतो ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले तेव्हा तो भागाकार १६ बिटांत मावेनासा झाला. प्रोसेसरने भागाकार फसल्याचं कळवलं, पास्कलने त्याला शून्याने भागल्याचा एरर समजून प्रोग्रॅमच बंद केला. डॉसबॉक्स अशा प्रोग्रॅमना सुरुवातीला बेताच्या वेगाने चालवतो, म्हणून तिथे हा भागाकार सुखाने होतो. सरांना हे सांगितलं तर ते फोनवर बराच वेळ ते गणित स्वतःशी करत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे प्रश्नमंजूषेत दोष नव्हता.”

नव्हताच. आणि त्याच फ्लॉपीवर मूळ पास्कल फाईलही होती, साधा मजकूर. फ्री पास्कल हा आजचा मोफत कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, टर्बो पास्कलची भाषा समजतो. थोड्या दुरुस्त्यांनी ती फाईल कंपाइल झाली आणि प्रश्नमंजूषा विंडोज ११ चा स्वतःचा ६४ बिट प्रोग्रॅम म्हणून उभी राहिली; शीळही वाजली. सर दुसऱ्या आठवड्यात शाळेत आले, मुलांमध्ये बसून खेळले आणि त्यांची पहिली मागणी होती की प्रश्न आता देवनागरीत दिसले पाहिजेत. काळ्या पडद्याच्या खिडकीत देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट बसत नाहीत, म्हणून आम्ही फ्री पास्कलवरच चालणाऱ्या लाझारस या खिडक्यांचे प्रोग्रॅम बनवायच्या साधनामध्ये साधी खिडकी असलेली नवी आवृत्ती करायला घेतली आहे. दहावीतली एक मुलगी प्रश्न टाइप करते आहे. काटकोन त्रिकोणावरचे सगळे झाले, सरळव्याज सुरू आहे. सरांनी व्याजाच्या उदाहरणांतले दर आजच्या बँकेच्या दरांप्रमाणे बदलून कागदावर लिहून पाठवले आहेत.